धावा आणि धावगती : मिताली राजच्या कारकिर्दीवर दोन मते

मिताली राजची आंतरराष्ट्रीय कारकीर्द २६ जून १९९९ रोजी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स इथे सुरू झाली आणि २७ मार्च २०२२ रोजी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला संपली. या पावणेतेवीस वर्षांत ती २३२ एकदिवसीय सामने खेळली. त्यांत तिने ५०.६८च्या सरासरीने ७,८०५ धावा केल्या, सात शतके आणि ६४ अर्धशतके झळकावली. ८९ टी-ट्वेंटी सामन्यांत तिच्या नावावर २,३६४ धावा आहेत. कसोटी सामने मात्र अवघे बारा. १५५ एकदिवसीय सामन्यांत तिने भारताचे नेतृत्व केले आणि त्यांतले ८९ जिंकले. निवृत्त झाली तेव्हा महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये धावांत, सामन्यांत आणि कर्णधारपदातही तिच्या पुढे कोणी नव्हते.

इतके निर्विवाद आकडे मागे ठेवणाऱ्या खेळाडूविषयी एकमत असायला हवे. पण तसे नाही. तिच्या फलंदाजीची गती, मोठ्या स्पर्धांतले निकाल आणि शेवटच्या वर्षांतले तिचे संघातले स्थान, या तीन गोष्टींवर क्रिकेटच्या जाणकारांत दोन तट आहेत. ते दोन्ही पक्ष इथे एका विश्लेषकाच्या आणि एका प्रशिक्षिकेच्या तोंडी दिले आहेत. विश्लेषक तरुण आहे, सामना चेंडूगणिक मोजणारा. प्रशिक्षिका वयाने मोठ्या, महिला क्रिकेटचे हलाखीचे दिवस जवळून पाहिलेल्या.

सुरुवात दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टीपासून होते. मितालीचा जन्म ३ डिसेंबर १९८२चा, जोधपूरचा. घर तमिळ, वडील हवाई दलात, लहानपण सिकंदराबादेत. भरतनाट्यम शिकणारी ही मुलगी सकाळी लवकर उठत नाही म्हणून वडिलांनी तिला भावाबरोबर क्रिकेटच्या सरावाला धाडले. तिथे ज्योती प्रसाद यांच्या नजरेत ती भरली आणि पुढे संपत कुमार यांच्या हाताखाली घडली. १९९७च्या विश्वचषकाच्या संभाव्य खेळाडूंत तिचे नाव होते, पण चौदा वर्षांच्या मुलीला अंतिम संघात घेतले गेले नाही. त्याच वर्षी संपत कुमार अपघातात गेले. दोन वर्षांनी पहिल्याच एकदिवसीय सामन्यात तिने आयर्लंडविरुद्ध नाबाद ११४ धावा केल्या. जोडीला रेश्मा गांधी नाबाद १०४. पन्नास षटकांत भारताच्या बिनबाद २५८ धावा झाल्या आणि सामना १६१ धावांनी जिंकला. त्या दिवशी मिताली साडेसोळा वर्षांची होती.

विश्लेषक : ताई, त्या डावाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सोळाव्या वर्षी पदार्पणात शतक हे कुठल्याही काळात मोठंच. माझा प्रश्न पुढचा आहे. एवढी देणगी असलेली फलंदाज जमिनीवरून खेळण्यात, एकेरी-दुहेरी धावांत का अडकून राहिली?

प्रशिक्षिका : अडकून राहिली हे तू आज बसून म्हणतोस. २००२चं टाँटन आठव. इंग्लंडविरुद्धची कसोटी, तिची तिसरीच. पहिल्या कसोटीत लखनौला भोपळाही फोडता आला नव्हता. टाँटनला तिने ४०७ चेंडूंत २१४ केल्या. त्या वेळचा तो महिला कसोटीतला जागतिक विक्रम, ऑस्ट्रेलियाच्या कॅरन रोल्टनच्या नाबाद २०९च्या पुढे. आणि सातव्या गड्यासाठी १५७ची भागीदारी कोणाबरोबर? झूलन गोस्वामीबरोबर. म्हणजे खरे फलंदाज संपले होते आणि एका बाजूला गोलंदाज उभी होती. तिथे तू काय सांगशील तिला, मार म्हणून?

विश्लेषक : कसोटीत नाही सांगणार. पण कसोटी खेळायला मिळाल्या किती?

प्रशिक्षिका : हेच तर माझं म्हणणं आहे. बारा. एकोणीस वर्षांत बारा. ऑगस्ट २००६ला टाँटनलाच भारताने इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकली, कर्णधार मिताली. त्यानंतरची कसोटी थेट ऑगस्ट २०१४ला, वर्म्सलीला. आठ वर्षं! त्या सामन्यात भारताच्या आठ जणींचं पदार्पण होतं, तरी सामना जिंकला, आणि चौथ्या डावात नाबाद ५० करून तीच शेवटपर्यंत उभी होती. मग नोव्हेंबर २०१४ला म्हैसूर, आणि पुढची कसोटी जून २०२१मध्ये. चार दिवसांच्या खेळासाठी घडलेल्या फलंदाजाला चार दिवसांचा खेळच दिला नाही, आणि वर तिच्या एकदिवसीय डावात चार दिवसांची सवय दिसते म्हणून बोट दाखवायचं?

प्रशिक्षिकेचा हा मुद्दा आकड्यांनीही टिकतो. २३२ एकदिवसीय सामने हा त्या वेळचा विक्रम खरा, पण तेवीस वर्षांवर वाटला तर वर्षाला जेमतेम दहा सामने पडतात. वर्षातून दहा वेळा मैदानात उतरणारी फलंदाज बाद होण्याचा धोका ज्या नजरेने पाहते, तिला महिन्याला आठ सामने खेळणाऱ्या फलंदाजाची फूटपट्टी लावता येत नाही. एक डाव हुकला की पुढची संधी कधी, हे ठाऊक नसायचे. भारतीय महिला क्रिकेटचा कारभार १९७३मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला क्रिकेट संघटनेकडे होता. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, संघ होते तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. संघटनेकडे पैसा नव्हता. मुली अनारक्षित डब्यातून प्रवास करत आणि मोठ्या सामायिक खोल्यांत मुक्काम. पोटापाण्याचा खरा आधार होता रेल्वेची नोकरी. मुंबईच्या डायना एडल्जी पश्चिम रेल्वेत होत्या, मितालीही रेल्वेकडूनच खेळली. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या संघाचा दरारा का होता, हे यावरून कळते : नोकरी तिथे होती, म्हणून चांगल्या खेळाडूही तिथेच होत्या.

विश्लेषक : परिस्थिती हलाखीची होती, हे मी नाकारतच नाही. पण परिस्थितीमुळे सगळंच माफ होत नाही. २००५चा विश्वचषक घ्या.

प्रशिक्षिका : घे की. भारत पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला तो त्याच वर्षी. कर्णधार बावीस वर्षांची. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध तिच्या नाबाद ९१.

विश्लेषक : आणि अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या २१५ला उत्तर देताना भारत ११७वर गारद. सेंच्युरियनला ९८ धावांनी हार. कॅरन रोल्टनने एकटीने नाबाद १०७ केल्या, म्हणजे आपल्या अख्ख्या संघापेक्षा दहाच कमी. फरक तंत्रात नव्हता, ताकदीत होता. तो फरक तेव्हाच दिसला होता.

प्रशिक्षिका : ताकद काय आकाशातून पडते? तिच्यासाठी व्यायामशाळा लागते, आहार लागतो, फिजिओ लागतो, वर्षभराचा पगार लागतो. त्या विश्वचषकात सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचं मितालीनेच पुढे सांगितलंय. सामन्याला हजार रुपये, आणि समोर ऑस्ट्रेलिया!

२००६मध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आले. मैदाने, विमानप्रवास, राहण्याची सोय यांत फरक पडला. सामन्यांची संख्या मात्र लगेच वाढली नाही आणि खेळाडूंना वार्षिक करार मिळायला २०१५ उजाडले. पहिल्या यादीत ‘अ’ श्रेणीत चार जणी होत्या, मिताली त्यांपैकी एक, आणि या श्रेणीची वर्षाची रक्कम पंधरा लाख रुपये. मधली वर्षे भारतीय संघासाठी बरी नव्हती. २००९च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळाला, पण २०१३मध्ये घरच्याच मैदानांवर संघ पहिल्या फेरीत बाहेर पडला. ब्रेबर्न स्टेडियमवर श्रीलंकेने १३८ धावांनी हरवले. शेवटी कटकला पाकिस्तानविरुद्ध सातव्या क्रमांकासाठी सामना झाला, त्यात मितालीने नाबाद १०३ केल्या. सातव्या क्रमांकासाठीच्या सामन्यातही कर्णधार शतकासाठी उभी राहते, ही गोष्ट तिच्या स्वभावाबद्दल कुठल्याही सरासरीपेक्षा जास्त सांगते.

विश्लेषक : ताई, मी एकच दिवस तुमच्यापुढे ठेवतो. १२ जुलै २०१७, ब्रिस्टॉल, विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना. इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्सच्या ५,९९२ धावा मितालीने त्या दिवशी मागे टाकल्या. षटकार मारून ती सहा हजारांवर पोहोचली. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये सहा हजार धावा करणारी पहिली फलंदाज.

प्रशिक्षिका : आणि ते तुला खुपतं?

विश्लेषक : नाही हो, अभिमानच वाटतो. पण धावफलक बघा. मिताली ११४ चेंडूंत ६९, पूनम राऊत १३६ चेंडूंत १०६. दोघींची दुसऱ्या गड्यासाठी १५७ची भागीदारी, आणि पन्नास षटकांत आपल्या २२६. म्हणजे दोघींनी मिळून अडीचशे चेंडू घेतले, आणि मागे गडी शिल्लक असूनही षटकं पुरली नाहीत. ऑस्ट्रेलियाने दोनच गडी गमावून सामना खिशात घातला. विक्रम आणि पराभव एकाच दिवशी, आणि दोहोंचं कारण तोच संयम.

प्रशिक्षिका : त्या दिवशी तुझं बरोबर आहे. ती भागीदारी उशिरापर्यंत संथ राहिली. पण त्याच स्पर्धेतला पहिला सामना का विसरतोस? इंग्लंडविरुद्ध डर्बीला ७३ चेंडूंत ७१. सलग सातवं अर्धशतक, तोही विक्रम. स्मृती मानधना आणि पूनमने १४४ची सलामी दिली होती, म्हणजे पाया घातलेला होता. मिताली आली आणि गती वाढवून गेली. मग न्यूझीलंडविरुद्धचा सामना, जिंकलो तरच उपांत्य फेरी. १२३ चेंडूंत १०९. तिच्या आधाराने वेदा कृष्णमूर्तीने ४५ चेंडूंत ७० कुटल्या. २६५ झाल्या, न्यूझीलंड ७९वर सर्वबाद, राजेश्वरी गायकवाडचे पाच बळी. पाया घातलेला असला की ती वेगाने खेळली. पाया घालायचा असला की सावकाश.

इंग्लंडविरुद्धच्या त्या सामन्याची आणखी एक गोष्ट जगभर पोहोचली. पॅड बांधून फलंदाजीची वाट पाहणारी मिताली सीमारेषेबाहेर पुस्तक वाचत बसलेली कॅमेऱ्याने टिपली. पुस्तक रूमीचे होते. पुढे तिनेच सांगितले की वाचनाने मन शांत राहते. एकदा फलंदाजीला उतरली की दोन-तीन तास खेळपट्टीवर राहायचे, हे तिच्या खेळाचे गणित होते आणि ही बैठक त्यासाठीची तयारी होती. आधुनिक संघांत तिसऱ्या क्रमांकावरची फलंदाज डगआउटमध्ये बॅट फिरवत, जागच्या जागी उड्या मारत असते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की या वादाचे मूळ दिसते.

उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११५ चेंडूंत नाबाद १७१ केल्या. अंतिम सामना लॉर्ड्सवर, २३ जुलैला. विजयासाठी २२९ हव्या होत्या. मिताली १७ धावांवर धावचीत झाली. एका एकेरी धावेला ती निघाली, पण शेवटच्या पावलांत तिचा वेग सुटला होता. पूनम राऊतने ८६ केल्या, भारत तीन बाद १९१वर पोहोचला आणि मग अन्या श्रबसोलने सहा बळी घेत भारताला २१९वर रोखले. हार नऊ धावांनी.

विश्लेषक : दोन विश्वचषकांत अंतिम फेरी, दोन्ही वेळा ती कर्णधार, दोन्ही वेळा हार. चषक नाही तो नाहीच.

प्रशिक्षिका : बारा वर्षांच्या अंतराने दोनदा अंतिम फेरीत नेणारी दुसरी कोण आहे, ते आधी सांग. शिवाय लॉर्ड्सला संघ तीन बाद १९१वरून कोसळला तेव्हा ती बाद होऊन बराच वेळ झाला होता. तेव्हा मैदानावर कमी होती ती तिच्यासारख्या टिकणाऱ्या फलंदाजाचीच. अठ्ठावीस धावांत सात गडी गेले!

इथे प्रशिक्षिकेचे पारडे जड आहे. लॉर्ड्सचा पराभव गती कमी पडल्याने झाला नाही. गडी हातात ठेवता न आल्याने झाला. पण त्या पराभवानंतर लगेच महिला क्रिकेटला मिळालेला प्रेक्षक आणि पैसा यांमुळे खेळ ज्या वेगाने बदलला, त्या वेगाशी मितालीचे जमवून घेणे अपुरे राहिले, हेही तितकेच खरे. टी-ट्वेंटीत ते आधी दिसले. तिथे तिची सरासरी ३७.५२ होती, पण दर शंभर चेंडूंमागे धावा चौऱ्याऐंशीच्या आसपास. २०१८च्या वेस्ट इंडीजमधल्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तिने पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध लागोपाठ अर्धशतके केली. तरी इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिला वगळण्यात आले. भारत ११२ धावांत आटोपला आणि आठ गड्यांनी हरला. संघनिवडीवरून मोठा वाद पेटला, मंडळाकडे पत्रे गेली, ती वर्तमानपत्रांत आली. सप्टेंबर २०१९मध्ये मितालीने टी-ट्वेंटीतून निवृत्ती घेतली.

विश्लेषक : वगळण्याची पद्धत वाईट होती, हे मला मान्य. पण कारण? आयर्लंडविरुद्धच्या ५१ धावांना ५६ चेंडू लागले. वीस षटकांच्या डावात ते परवडत नाही.

प्रशिक्षिका : आणि इंग्लंडविरुद्ध अख्खा संघ ११२वर बाद होणं परवडलं? तिथली खेळपट्टी संथ होती, चेंडू वळत होता. फिरकी तिच्याइतकी कोण खेळत होतं संघात?

विश्लेषक : त्या एका सामन्यापुरतं ते निवडकर्त्यांचं चुकलंच, असं मीही म्हणेन. मला पुढचं दिसत होतं. २७ जून २०२१, ब्रिस्टॉल, इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामना. मिताली १०८ चेंडूंत ७२, भारत आठ बाद २०१. इंग्लंडने पस्तीस षटकांत सामना संपवला.

प्रशिक्षिका : आणि त्याच मालिकेत वूस्टरला? २२० हव्या होत्या, ८६ चेंडूंत नाबाद ७५ आणि तीन चेंडू राखून विजय. त्याच डावात तिन्ही प्रकारांतल्या एकूण धावांतही ती शार्लट एडवर्ड्सच्या पुढे गेली. अडतीसाव्या वर्षी! त्या मालिकेत तिन्ही सामन्यांत अर्धशतक केलं. बाकीच्या फळीने काय केलं, तेही सांग.

विश्लेषक : बाकीच्यांना शेवटच्या षटकांत झोडपावं लागायचं ते आधीची षटकं निर्धाव गेल्यामुळे. एक बाजू धरून ठेवली की दुसऱ्या बाजूवर ताण येतो, तो बाद होणाऱ्या पोरींच्या नावावर लागतो. मितालीची सरासरी शाबूत राहते.

विश्लेषकाचा हा मुद्दा त्याच्या सगळ्या मुद्द्यांत भारी आहे आणि त्याला सरळ उत्तर नाही. फलंदाज नाबाद राहिला म्हणजे संघाचे भले झाले असे नसते. त्याने वापरलेले चेंडू इतरांच्या वाट्याचे असतात. पण मितालीच्या बाबतीत हा हिशोब पूर्ण मांडणे अवघड आहे. महिलांच्या जुन्या सामन्यांपैकी अनेकांत फलंदाजाने किती चेंडू खेळले याची नोंद मिळत नाही. शिवाय तिच्या पहिल्या पंधरा वर्षांत संघाची एकूण धावसंख्याच दोनशेच्या आसपास घुटमळत असे. त्या काळात दर षटकाला चार धावा हा सामना जिंकून देणारा वेग होता; शेवटच्या पाच वर्षांत तो सामना हरवणारा ठरू लागला. तिची गती फारशी बदलली नाही, भोवतालचा खेळ बदलला. जाणत्या वयात, तेवीस वर्षांच्या सवयीवर मात करून नवा खेळ शिकणे कुणालाही सोपे नसते. तरीही सप्टेंबर २०२१मध्ये ऑस्ट्रेलियाची सलग २६ एकदिवसीय विजयांची मालिका मकाय इथे मोडली ती मितालीच्याच नेतृत्वाखालच्या संघाने.

२०२२चा न्यूझीलंडमधला विश्वचषक तिचा सहावा. शेवटच्या साखळी सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने ८४ चेंडूंत ६८ केल्या. भारताच्या २७४ झाल्या, पण शेवटच्या षटकात नोबॉल पडला आणि शेवटच्या चेंडूवर सामना हातचा गेला. संघ उपांत्य फेरीत पोहोचला नाही. ८ जून २०२२ रोजी तिने निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळाने महिला आणि पुरुषांचे सामन्याचे मानधन समान केले : कसोटीला पंधरा लाख, एकदिवसीय सामन्याला सहा आणि टी-ट्वेंटीला तीन लाख. मार्च २०२३मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली, तिथे मिताली गुजरात जायंट्सची मार्गदर्शक होती. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री आणि खेलरत्न हे सन्मान तिला खेळत असतानाच मिळाले होते.

विश्लेषक : २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून. ताई, तो चषक आला वेगवान फलंदाजीने. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९चा पाठलाग! मितालीच्या संघाला हे स्वप्नातही जमलं नसतं.

प्रशिक्षिका : तो पाठलाग कुणी केला? जेमिमा रॉड्रिग्जने, नाबाद १२७. चेंडू किती?

विश्लेषक : १३४.

प्रशिक्षिका : म्हणजे चेंडूला एक धावही नाही. तिसऱ्या क्रमांकावर येऊन शेवटपर्यंत उभी राहिली, म्हणून हरमनप्रीत, दीप्ती, रिचा, अमनजोत मोकळेपणी मारू शकल्या. हे काम कुणाचं होतं आधी?

विश्लेषक : काम तेच, हे मान्य. पण शंभर चेंडूंत ९५ आणि शंभर चेंडूंत ६०, यांत सामना जिंकण्या-हरण्याचा फरक आहे.

प्रशिक्षिका : आहेच. आणि जेमिमाच्या मागे चार जणी होत्या, टाँटनला मितालीच्या मागे झूलन होती, हाही तेवढाच फरक आहे. ब्रिस्टॉलच्या ११४ चेंडूंचा हिशोब तू माग, तो तुझा हक्क आहे. फक्त त्याच वहीत आठ वर्षं न झालेल्या कसोट्यांचा हिशोबही लिही.